टेबलाभोवतीचे परीक्षक

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथं २०१७ सालापासून मालिशीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते. मोठ्या सभागृहात ओळीनं टेबलं मांडलेली असतात. प्रत्येक टेबलावर कुणीतरी पडलेलं, शेजारी एक मसाज थेरपिस्ट आपल्या कामात बुडालेला, आणि मधल्या वाटांतून हातात गुणांचे कागद घेतलेले परीक्षक फिरत असतात. पाश्चात्त्य पद्धत, पौर्वात्य पद्धत, खुर्चीवर बसवून करायची मालिश असे गट असतात. परीक्षक तंत्र बघतात, हातांचा ओघ बघतात, समोरच्या माणसाशी जुळलेलं नातं बघतात, आणि काम करणारा स्वतः कसा उभा आहे तेही बघतात.

हे ऐकल्यावर आपल्याकडे बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो की मालिशीत स्पर्धा कसली? मालिश म्हणजे शांतता, विसावा, मंद उजेड. तिथं घड्याळ आणि गुण आणायचे कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना या धंद्याविषयी बरंच काही कळतं. माझं मत आधीच सांगून टाकते. मालिश करणाऱ्यांना अशा स्पर्धांची जेवढी गरज आहे, तेवढी फार थोड्या व्यवसायांना असेल. त्याचं कारण पदकात मात्र नाही.

सुताराचं काम घरात वर्षानुवर्षं उभं असतं. दुसरा सुतार येतो, दाराचा सांधा बघतो आणि मनातल्या मनात शिकतो किंवा नाक मुरडतो. शिंप्याची शिलाई उसवून बघता येते. मालिशीचं तसं काही उरत नाही. तासाभरानं माणूस उठतो, कपडे करतो, ‘बरं वाटलं’ म्हणतो आणि जातो. दार बंद, खोलीत दोघंच. एखाद्या मुलीनं काही महिन्यांचा अभ्यासक्रम केला आणि स्पामध्ये नोकरी धरली, की पुढची पंधरा-वीस वर्षं तिचे हात तिच्याच व्यवसायातल्या दुसऱ्या कुणी बघितलेलेच नसतात. तिनंही दुसऱ्या कुणाचे बघितलेले नसतात. शिकताना लागलेली चूक तशीच राहते आणि रोजच्या सवयीनं घट्ट होते.

ग्राहक सांगेल की, असं कुणी म्हणेल. ग्राहक सांगतो, पण त्याला जेवढं कळतं तेवढंच. दाब हवा तेवढा होता का, हात गार होते का, बोलणं गोड होतं का, हे तो सांगू शकतो. खांद्याच्या फऱ्याखाली नेमका कुठला स्नायू आखडलेला होता, आणि त्याच्याकडे जायचं सोडून थेरपिस्ट तासभर कण्याच्या कडेनंच वरखाली करत राहिला, हे त्याला कळायचं काहीच कारण नाही. ते फक्त त्याच कामातला जाणकार ओळखतो. आणि तो जाणकार त्या खोलीत कधी नसतो.

स्पर्धेत तो असतो. व्यवसायात आल्यानंतर पहिल्यांदाच हे काम चार जाणत्या डोळ्यांसमोर होतं, ही तिची पहिली किंमत.

आता परीक्षक पाहतात काय, ते जरा सविस्तर बघू. बघणाऱ्याची नजर साहजिकच हातांकडे जाते. अनुभवी परीक्षक मात्र आधी पायांकडे बघतो. कारण चांगल्या मालिशीतला जोर बोटांतून किंवा दंडातून येत नाही, तो जमिनीवर रोवलेल्या पायांतून येतो. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, आणि शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर सरकवत हात पुढे जातो. कुस्तीतला पवित्रा ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे लगेच समजेल. असं उभं राहणाऱ्याला जोर लावावाच लागत नाही, नुसता भार सोडला तरी पुरतो. उलट कमरेत वाकून, खांदे उचलून, अंगठ्यांनी दाबत बसणारा थेरपिस्ट दिवसातल्या चौथ्या ग्राहकापर्यंत थकून जातो.

अंगठ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, खोगिरासारखा एक छोटा सांधा असतो. त्याच्यामुळेच आपण वस्तू पकडू शकतो. पण अंगठ्याच्या टोकाला जेवढा दाब लागतो, त्याच्या कितीतरी पट दाब या मुळाच्या सांध्यावर येतो. दिवसातून पाच-सहा तास, आठवड्यातून सहा दिवस अंगठ्यानंच गाठी दाबत राहिलं तर हा सांधा लवकर झिजतो. अंगठा, मनगट आणि कंबर ही या व्यवसायातली नेहमीची दुखणी आहेत, आणि कित्येक चांगले हात त्यांपायी अवेळी काम सोडतात. ज्याचं पोट हातावर आहे त्याचा हातच गेला, तर मागे काय राहतं? जिथं अंगठ्याऐवजी कोपर, पुढचा हात, मुठीची सपाट बाजू वापरता येते तिथं ती वापरायला हवी, टेबलाची उंची स्वतःच्या उंचीप्रमाणे लावायला हवी. हे अभ्यासक्रमात एका तासिकेत सांगितलेलं असतं आणि विसरलेलं असतं. स्पर्धेच्या गुणपत्रिकेवर उभं राहण्याच्या ढबीला वेगळा रकाना असला, की तयारी करणारा माणूस आरशासमोर उभा राहतो, मोबाइलवर स्वतःचं चित्रण करतो, सहकाऱ्याला ‘माझी पाठ बघ जरा’ म्हणून सांगतो. पदक मिळो न मिळो, त्याचा अंगठा दहा वर्षं जास्त टिकण्याची शक्यता वाढते. माझ्या लेखी हा एकच फायदा स्पर्धेचा सगळा खटाटोप वसूल करणारा आहे.

दुसरी गोष्ट प्रतिष्ठेची, आणि तिचा इतिहास बराच जुना आहे.

१८९४ साली लंडनमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या अनैतिक धंद्यांविषयी लिहिलं आणि मोठी खळबळ उडाली. त्या काळी तिथल्या अनेक परिचारिका आणि सुईणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून रुग्णांना मालिश करत असत. एका रात्रीत त्यांचं काम संशयास्पद ठरलं. त्यांच्यापैकी चौघींनी, ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर यांनी, त्याच वर्षी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅस्यूझेस’ ही संस्था काढली. त्यांनी निषेधाचं पत्रक काढून भागवलं नाही. त्यांनी परीक्षा सुरू केली, प्रमाणपत्र दिलं आणि कडक नियम घातले. डॉक्टरांच्या सूचनेशिवाय मालिश करायची नाही, सर्वसाधारण वर्तमानपत्रांत जाहिरात करायची नाही, रुग्णाला औषधं विकायची नाहीत. पुढं १९२० साली या संस्थेला राजसनद मिळाली आणि १९४४ साली तिचं नाव ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ झालं. आज ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची जी प्रतिष्ठित संघटना आहे, तिचा उगम मालिश करणाऱ्या चार बायकांच्या त्या निश्चयात आहे.

मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की बदनामीला उत्तर म्हणून त्या चौघींनी स्वतःचं काम तपासणीसाठी पुढं केलं. आम्ही चांगल्या घरच्या आहोत, असं त्या सांगत बसल्या नाहीत. आमचं कौशल्य मोजा, असं त्या म्हणाल्या. सव्वाशे वर्षांनंतरही मसाज थेरपिस्टला तोच संशय झेलावा लागतो. गोव्यात, मुंबईत, पुण्यात ‘स्पावर छापा’ अशी बातमी येते आणि त्या गावातली प्रामाणिकपणे काम करणारी प्रत्येक मुलगी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या नजरा चुकवत कामावर जाते. घरी ‘ब्यूटी पार्लरमध्ये आहे’ असं सांगणाऱ्या मुली कमी नाहीत. उघड्या सभागृहात, भरल्या लोकांसमोर, आईवडिलांना पहिल्या रांगेत बसवून जे काम करता येतं, त्याच्याबद्दल कुजबुज करायला जागा उरत नाही. वैयक्तिक यशापेक्षा हे जास्त मोठं आहे.

तरी मूळ शंका राहतेच. स्पर्श मोजायचा कसा?

इथं दुसऱ्या व्यवसायांकडे बघायला हवं, कारण ‘आमचं काम मोजता येत नाही’ असं म्हणणारे आपण पहिलेच नाही. कॉफी करणाऱ्यांची जागतिक स्पर्धा २००० साली माँटे कार्लोत सुरू झाली. तिथं स्पर्धकाला पंधरा मिनिटांत ठरावीक पेयं करून द्यायची असतात. चव घेणारे परीक्षक वेगळे असतात, आणि त्याचं हाताचं काम, स्वच्छता, कॉफी किती वाया गेली हे बघणारे वेगळे. ही विभागणी मालिशीला फार उपयोगी आहे. टेबलाभोवती फिरणाऱ्या परीक्षकाला ओघ दिसतो, ढब दिसते, चादर नीट झाकली की नाही ते दिसतं. दाब मात्र दिसत नाही. दाब कळतो तो टेबलावर पडलेल्याला. म्हणून एखादा तयार परीक्षक स्वतः टेबलावर झोपायला हवा आणि त्याचे गुण वेगळे धरायला हवेत. ज्या स्पर्धेत फक्त बाहेरून बघून गुण दिले जातात, तिथं दिसायला देखणी मालिश जिंकण्याचा धोका असतो. हात हवेत उंच जाणार, अंग झोकात डोलणार, आणि खालच्या माणसाच्या पाठीचं दुखणं जिथल्या तिथं राहणार.

गुण कसे द्यावेत याचा सगळ्यात विचारपूर्वक बसवलेला नमुना मला ‘वर्ल्डस्किल्स’मध्ये दिसतो. ही तरुण कारागिरांची जागतिक स्पर्धा. तिची सुरुवात १९५० साली माद्रिदमध्ये स्पेन आणि पोर्तुगाल या दोनच देशांच्या चोवीस स्पर्धकांनी झाली. आज तिच्यात गवंडीकामापासून सायबर सुरक्षेपर्यंत पन्नासहून जास्त कौशल्यं आहेत. बहुतेक गटांत वयाची मर्यादा बावीस वर्षं आहे. मालिश तिथं ‘ब्यूटी थेरपी’ या गटाचा भाग म्हणून येते. गुण दोन प्रकारचे असतात. जे मोजता येतं ते सरळ मोजायचं: वेळेत झालं का, हात धुतले का, ठरलेले टप्पे पाळले का. जे जाणकारानं पारखायचं असतं त्याला शून्य ते तीन अशी पट्टी. शून्य म्हणजे व्यवसायात खपणार नाही असं काम, एक म्हणजे व्यवसायाच्या पातळीचं, दोन म्हणजे त्याहून काही बाबतींत सरस, तीन म्हणजे उत्कृष्ट. तीन परीक्षक स्वतंत्रपणे आकडा दाखवतात. त्यांच्यात एकापेक्षा जास्त फरक पडला तर तिथंच बोलून तो कमी करावा लागतो. आणि आपल्या देशाच्या स्पर्धकाला आपण गुण द्यायचे नाहीत.

यातली ती ‘एक’ची पातळी मला फार आवडते. ‘व्यवसायाच्या पातळीचं काम’ म्हणजे नेमकं काय, हे आधी लिहून काढल्याशिवाय एकही परीक्षक एकही गुण देऊ शकत नाही. म्हणजे स्पर्धा भरवायची तर त्या व्यवसायातल्या लोकांना एकत्र बसून ठरवावं लागतं की आपल्या कामात चांगलं कशाला म्हणायचं. मालिशीत हे ठरवायची वेळ एरवी कधी येत नाही. प्रत्येक गुरूचं वेगळं, प्रत्येक स्पाच्या साखळीचं वेगळं. निकषांचा तो कागद स्पर्धेनंतरही उरतो. शिकवणाऱ्याला त्यावरून शिकवता येतं, स्पाच्या व्यवस्थापकाला त्यावरून माणूस निवडता येतो, आणि नव्यानं शिकणारा घरी बसून स्वतःला तपासू शकतो.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की सेवेचं काम मोजता येत नाही, त्यांच्यासाठी एक घटना. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या लियाँ इथं झालेल्या वर्ल्डस्किल्समध्ये भारताला चार कांस्यपदकं मिळाली. त्यातलं एक हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या कामासाठी होतं. पाहुण्याशी बोलणं, रागावलेल्याला शांत करणं, चूक झाली तर ती निभावून नेणं, या गोष्टींवर गुण मिळाले आणि पदकही मिळालं. माणसाशी वागणं जर पारखता येतं, तर स्पर्शही पारखता येतो.

फ्रान्समधली आणखी एक पद्धत सांगायला हवी. तिथं १९२४ पासून ‘मेय्योर उव्रिए द फ्रांस’ म्हणजे देशातला सर्वोत्तम कारागीर हा किताब दिला जातो. त्यात पहिला, दुसरा, तिसरा असं नसतं. ठरलेल्या उंचीला जो पोचला त्याला किताब, मग ते दहा असोत की एकही नसो. मालिशीसारख्या कामाला मला ही पद्धत जास्त मानवणारी वाटते. दोन चांगल्या थेरपिस्टांपैकी कोण अर्ध्या गुणानं सरस, या वादात काही अर्थ नसतो. दोघंही त्या पातळीवर आहेत, हे सांगणं ग्राहकाच्याही उपयोगाचं असतं.

स्पर्धा आणि देखावा यांत गल्लत मात्र होऊ देऊ नये. २०१२ साली बँकॉकमध्ये ६४१ थेरपिस्टांनी एकाच वेळी मालिश करून गिनीज विक्रम केला. थायलंडला त्यातून जगाचं लक्ष वेधायचं होतं आणि ते वेधलंही गेलं. पण तो विक्रम संख्येचा होता, कुणाच्या हातांची पारख त्यात नव्हती. थाई मालिशीची खरी ताकद दुसरीकडं आहे. वाट फो या देवळाच्या आवारात १९५५ पासून पारंपरिक वैद्यकाची शाळा चालते, शिक्षणाची एक घडी बसलेली आहे, आणि २०१९ साली युनेस्कोनं ‘नुआद थाई’ला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्याला या सगळ्याचा आधार होता.

एक मर्यादा इथंच सांगते, कारण ती झाकण्यात अर्थ नाही. मालिशीचा शरीरावर झालेला परिणाम स्पर्धेच्या सभागृहात कळत नाही. तो दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं कळतो, आणि त्याचं मोजमाप प्रयोगशाळेतच होऊ शकतं. तिथंही आपल्या समजुती पुष्कळदा खोट्या ठरतात. ‘मालिशीनं स्नायूतलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं की जोरदार व्यायामानंतर लगेच मालिश केली तर उलट स्नायूतला रक्तप्रवाह अडतो आणि लॅक्टिक ॲसिड जाण्याचा वेग मंदावतो. त्याच देशातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं २०१२ साली अकरा तरुणांवर प्रयोग केला. दमवणाऱ्या व्यायामानंतर एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांमधल्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. मालिश केलेल्या पायात दाहाची लक्षणं कमी दिसली. लॅक्टिक ॲसिडमध्ये मात्र काही फरक नव्हता. म्हणजे मालिशीचा उपयोग आहे, पण आपण सांगतो त्या कारणानं नव्हे. मूठभर लोकांवरचे हे प्रयोग आहेत, त्यावर मोठे इमले बांधू नयेत, हेही खरं. तरी ‘विषारी द्रव्यं बाहेर काढतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या थेरपिस्टला स्पर्धेत कुणीतरी तोंडी प्रश्न विचारायला हवा की कुठली द्रव्यं, आणि कुठून?

तोंडी प्रश्नाचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरते. या व्यवसायात हात कधी लावायचा नाही, हे कळणं हात लावण्याइतकंच मोलाचं आहे. समजा, एक जण लांबचा विमानप्रवास करून आला आहे. त्याची एकच पोटरी सुजलेली, लाल आणि गरम आहे, आणि ‘जरा जोरात रगडून द्या’ असं तो म्हणतो. तिथं शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. रगडल्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. ताप, त्वचेचा संसर्ग, नुकतंच मोडलेलं हाड, उघडी जखम, अशा अनेक वेळा थांबावं लागतं. चांगल्या स्पर्धेत स्पर्धकासमोर असा एक ग्राहक मुद्दाम आणावा आणि जो त्याला नम्रपणे डॉक्टरकडे पाठवेल त्याला पूर्ण गुण द्यावेत. तेलाचा एक थेंबही न लावता मिळालेले गुण, आणि माझ्या मते ते सगळ्यात खरे.

स्पर्धेचा विचार करताना आणखी एक गट विसरून चालणार नाही. या क्षेत्रात दृष्टिहीनांची परंपरा मोठी आहे. सतराव्या शतकात जपानमध्ये सुगियामा वाईची या अंध वैद्यानं ॲक्युपंक्चरची सुई नळीतून टोचण्याची पद्धत रूढ केली आणि अंधांसाठी या विद्येच्या शाळा काढल्या. मालिश हा तिथं अंधांचा मानाचा व्यवसाय झाला. दक्षिण कोरियात मालिशीचा परवाना कायद्यानं फक्त दृष्टिहीनांनाच मिळतो. तैवानमध्येही तसाच कायदा होता, तो २००८ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना लंडनच्या सेंट डन्स्टन्स संस्थेत मालिश शिकवली जात असे. माणूस राखीव जागेवर जगतो तेव्हा त्याला पोट भरता येतं. डोळस स्पर्धकाशेजारच्या टेबलावर उभा राहून सारख्याच निकषांवर तो वरचढ ठरतो तेव्हा त्याच्याकडे बघणाऱ्यांची नजर बदलते. फार थोड्या स्पर्धा अशा असतील जिथं न दिसण्यानं काही बिघडत नाही.

आता आपल्याकडं.

आपल्याला वाटतं मालिशीचं हे सगळं परदेशी खूळ आहे. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींत मालिश कधीच बंद दाराआड नव्हती. मेहनत झाली की पोरं एकमेकांचं अंग रगडतात, धाकटे थोरल्यांचं रगडतात, आणि वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून बघत असतो. ‘अरे, गुडघ्याच्या वाटीवर नको, बाजूनं घे’ असं तिथल्या तिथं सांगतो. शिकवणं, चूक दाखवणं, पारखणं, सगळं उघड्यावर. क्रिकेटचा २०११ चा विश्वचषक भारतानं जिंकला तेव्हा संघाच्या मालिशीची जबाबदारी रमेश माने यांच्यावर होती. खेळाडू त्यांना ‘माने काका’ म्हणत. त्या हातांनी काय केलं हे खेळाडूंना ठाऊक असतं, आपल्याला फक्त धावा दिसतात.

आणि घरोघरी येणाऱ्या तेल लावणाऱ्या मावशी. बाळ-बाळंतिणीला मालिश करून, शेक-शेगडी करून देणाऱ्या या बायका महाराष्ट्रातल्या सगळ्यात अनुभवी मालिश करणाऱ्या आहेत, असं मी म्हणेन. त्यांच्या हातातल्या विद्येला विज्ञानाचाही दुजोरा आहे. टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेल्या अभ्यासात रोज हळुवार मालिश मिळालेल्या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगानं वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. त्याच वेळी, बाळाच्या नाकाकानांत तेल सोडणं, छाती पिळणं, नाक ओढून सरळ करणं या जुन्या रीती बालरोगतज्ज्ञ घातक म्हणतात, आणि त्या आजही चालू आहेत. कारण मावशींना त्यांच्या सासूनं शिकवलं, आणि त्यानंतर जाणत्या माणसानं कधी शेजारी बसून पाहिलं नाही. पुन्हा तेच बंद दार. तालुक्याच्या गावी बाहुलीवर मालिश करून दाखवायची एक साधी स्पर्धा ठेवली, परीक्षक म्हणून एक बालरोगतज्ज्ञ, एक परिचारिका आणि एक जुन्या मुरलेल्या मावशी बसवल्या, तर एका दुपारी जे बोलणं होईल ते दहा व्याख्यानांनी होणार नाही. आणि त्या मावशींना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी व्यासपीठावर बोलावून नारळ देईल.

कोपनहेगनला जाण्याचा खर्च आपल्याकडच्या बहुतेक थेरपिस्टांच्या आवाक्याबाहेरचा आहे. जायलाच हवं असंही नाही. केंद्र सरकारच्या ‘इंडियास्किल्स’ स्पर्धेत ब्यूटी थेरपीचा गट आहे, आणि तिची सुरुवात राज्यांपासून होते. बावीसच्या आतल्या मुलामुलींनी तिथं जरूर नाव द्यावं. त्यापलीकडच्या वयाच्या लोकांसाठी गावपातळीवर काहीच नाही. आयटीआय, फिजिओथेरपीची महाविद्यालयं, अंधशाळा आणि स्पाचालकांच्या संघटना यांनी ते उभं करायला हवं. त्याला चार टेबलं, स्वच्छ चादरी, एक दिवस आणि आधी लिहून जाहीर केलेले निकष एवढंच लागतं.

सावधही राहायला हवं. पैसे भरून नाव दिलं की चषक हमखास, अशा ‘पुरस्कारां’चा बाजार सौंदर्य व्यवसायात बराच आहे. थेरपिस्टांनी नाव देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. निकष आधी हातात मिळतात का? तेल-क्रीमच्या प्रायोजक कंपनीची माणसंच परीक्षक आहेत का? आणि स्पर्धेनंतर आपला गुणांचा कागद, परीक्षकांच्या शेऱ्यांसह, परत मिळतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर फी वाचवा, कारण त्या कागदासाठीच तर जायचं असतं.

आणि आपण ग्राहकांनी काय करावं? पुढच्या वेळी टेबलावर पडण्याआधी थेरपिस्टचं नाव विचारा, ती कुठं शिकली ते विचारा, आणि तिनं तुमच्या दुखण्याखुपण्याची चौकशी केल्याशिवाय हात लावला तर तिला थांबवा. काम चांगलं झालं तर ‘बरं वाटलं’ एवढ्यावर सोडू नका. नेमकं कुठं बरं वाटलं, कुठं दाब कमी पडला, कुठं जास्त झाला, ते तिला सांगा. सध्या तरी तिला मिळणारा परीक्षक तुम्हीच आहात.